सही कोणाची? विद्यापीठात महिला नेतृत्वाचा उपक्रम उभा करताना

मागच्या वर्षीच्या एखाद्या मोठ्या कार्यक्रमाची फाइल काढा. वार्षिक महोत्सव, आंतरविभागीय स्पर्धा, संशोधन परिषद, कोणतीही चालेल. छापील पत्रिकेवरची नावं बाजूला ठेवून मागची पानं उलटा. खर्चाच्या व्हाउचरवर सही कोणाची आहे? पाहुणे कोणी ठरवले? ऐनवेळी सभागृह बदलण्याचा निर्णय कोणी घेतला? मग इतिवृत्त कोणी लिहिलं, स्वागताला कोण उभं होतं, नोंदणीच्या टेबलावर दोन दिवस कोण बसलं, तेही पाहा. बऱ्याच ठिकाणी पहिल्या यादीत मुलगे निघतात आणि दुसऱ्या यादीत मुली. मुली रात्री उशिरापर्यंत थांबून राबतात आणि सही दुसराच करतो.

हे बदलण्यासाठी चालणाऱ्या महिला नेतृत्वाच्या उपक्रमांच्या संयोजनात मी काही वर्षं काढली आहेत. सुरुवातीला आम्ही जे केलं ते सगळेच करतात: एक प्रेरणादायी वक्त्या, भरलेलं सभागृह, प्रमाणपत्रं, समूहछायाचित्र. पुढच्या निवडणुकीत सचिवपदासाठी त्या सभागृहातली एकही मुलगी उभी राहिली नाही. त्यानंतर उपक्रमाची घडी मोडून नव्याने बसवली. ती कशी, ते पुढे लिहिते. विभागातल्या चार जणींनी मिळून सुरू करायचं असो की विद्यापीठाने अधिकृतपणे, क्रम साधारण हाच ठेवा.

आधी मोजा

पहिले दोन आठवडे फक्त मोजणीचे. विद्यार्थी परिषद, क्लब, मासिकाचं संपादक मंडळ, क्रीडासंघ, वसतिगृह समित्या, संशोधक विद्यार्थ्यांच्या संघटना, या सगळ्यांमधल्या पदांची मागच्या तीन वर्षांची यादी करा. प्रत्येक पदासाठी तीन आकडे हवेत: किती जणी इच्छुक होत्या, किती निवडल्या गेल्या आणि मुदत पूर्ण होईपर्यंत किती टिकल्या. पद कोणत्या दर्जाचं, हेही लिहा. ‘समितीत निम्म्या मुली आहेत’ या वाक्यावर समाधान मानू नका. अध्यक्ष आणि खजिनदार कोण, ते वेगळं मोजा.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने हेच केलं होतं. तिथल्या अध्यक्ष शर्ली टिलमन यांनी २००९ च्या डिसेंबरमध्ये एक समिती नेमली, नॅनरल कीओहेन तिच्या प्रमुख होत्या आणि मार्च २०११ मध्ये अहवाल आला. १९६९ पासून तिथे पदवीसाठी मुली शिकत होत्या, अभ्यासात चमकत होत्या. तरीही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या पदांवर त्या अपेक्षेपेक्षा कमी दिसत होत्या आणि पडद्यामागचं काम भरपूर करत होत्या. अहवालातली एक नोंद मला फार मोलाची वाटते: मोठ्या पदासाठी उभं राहू पाहणाऱ्या काही जणींना इतर विद्यार्थ्यांनीच परावृत्त केलं होतं. म्हणजे ‘मुलींना इच्छाच नसते’ हे नेहमीचं उत्तर तपासल्याशिवाय स्वीकारायचं नाही.

मोजणीचा दुसरा भाग बैठकीतला. कोणाची तरी परवानगी घेऊन दोन-तीन बैठकांत कोपऱ्यात बसा. कोण किती मिनिटं बोललं, कोणाचं बोलणं मध्येच तोडलं गेलं, कोणाची सूचना दुसऱ्याच्या तोंडून आल्यावर मान्य झाली, याच्या खुणा करा. मोबाइलचं घड्याळ आणि वही एवढं पुरतं. या खुणा पुढे प्रशिक्षणात फार कामाला येतात, कारण आकडा समोर ठेवला की वाद निम्मा होतो.

दुखणं कोणतं, ते ठरवा

मोजणीतून तीनपैकी एक चित्र पुढे येतं. मुली उभ्याच राहत नाहीत; उभ्या राहतात पण निवडल्या जात नाहीत; किंवा निवडल्या जातात आणि सहा महिन्यांत पद सोडतात. तिन्हींवर औषध वेगळं. उभ्याच राहत नसतील तर वैयक्तिक निमंत्रण, पदांची नीट माहिती आणि उमेदवारीचा सराव हवा. निवडल्या जात नसतील तर निवडीची पद्धत बदलायला हवी, तिथे मुलींना आत्मविश्वासाचे धडे देणं म्हणजे दुखणं पायाला आणि पट्टी हाताला. पद सोडत असतील तर बैठकांच्या वेळा, त्रास देणारं वातावरण आणि कामाची वाटणी तपासा.

एका वर्षी एकच दुखणं हातात घ्या. तिन्हींवर एकदम उपाय करायला निघालेला उपक्रम शेवटी पुन्हा व्याख्यानमालेवर येऊन थांबतो.

गट निवडताना

वीस ते चोवीस जणींचा गट सोयीचा पडतो. त्याहून मोठा झाला की प्रत्येकीला खरी जबाबदारी देता येत नाही. फार लहान असेल तर दोघी गळाल्या की हुरूप जातो.

अर्जात ‘यापूर्वी भूषवलेली पदं’ असा रकाना ठेवू नका. तो ठेवला की आधीच पुढे असलेल्या मुलीच पुन्हा आत येतात आणि आपण तयार माणसांना तयार केल्याचं श्रेय घेत बसतो. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा: ‘विद्यापीठातली कोणती एक गोष्ट बदलावी असं वाटतं?’ आणि ‘कोणाच्याही सांगण्याशिवाय तुम्ही केलेलं एखादं काम सांगा.’ दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत अनपेक्षित माणसं सापडतात. घरातल्या आजारी माणसाची वर्षभर व्यवस्था लावणारी मुलगी नियोजनात कोणापेक्षा कमी नसते. पण त्याला नेतृत्व म्हणतात, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

जाहिरात लावून थांबू नका. वर्गातल्या शिक्षकांना, ग्रंथालयातल्या आणि वसतिगृहातल्या कर्मचाऱ्यांना प्रत्येकी दोन नावं सुचवायला सांगा आणि त्या मुलींना नावानिशी पत्र पाठवा: ‘तुमचं नाव सुचवण्यात आलं आहे, त्याचं कारण हे.’ कारण लिहायला विसरू नका. सगळ्यांना गेलेला संदेश ‘माझ्यासाठी नाही’ म्हणून सोडून देता येतो, हे पत्र तसं सोडता येत नाही.

मग यादी समोर ठेवून कोण राहिलं ते पाहा. लांबून प्रवास करून येणाऱ्या, नोकरी करत शिकणाऱ्या, घरातून पहिल्यांदाच विद्यापीठाची पायरी चढलेल्या, लहान मूल असलेल्या, अपंगत्व असलेल्या, दुसऱ्या भाषेतून आलेल्या. वेळापत्रक यांच्या सोयीने आखलं तर बाकीच्यांचीही सोय होते. उलटं सहसा घडत नाही. कार्यालयात काम करणाऱ्या महिला कर्मचारी आणि कंत्राटी प्राध्यापिका यांच्यासाठी स्वतंत्र गट करा. विद्यार्थिनींच्या गटात त्यांना ‘ताई, तुम्ही बघा ना’ म्हणत व्यवस्थापनाचं काम चिकटवलं जातं.

खरी जबाबदारी: उपक्रमाचा कणा

वर्षभराच्या उपक्रमात प्रत्येक सहभागी मुलीच्या हाती किमान एक असं काम यायला हवं, ज्यात तीन गोष्टी आहेत. थोडा का होईना, पैसा तिच्या अखत्यारीत असावा. एक तरी निर्णय तिचा अंतिम असावा. आणि काम बिघडलं तर उत्तर तिने द्यावं. यांतली एकही गोष्ट नसेल तर ते काम म्हणजे मदत. मदत करून माणूस मदतीत तरबेज होतं.

प्रत्यक्षात हे असं बसवता येतं. विद्यापीठात वर्षभर जे कार्यक्रम होणारच आहेत, त्यांची यादी कुलसचिव कार्यालयाकडून किंवा विद्यार्थी कल्याण विभागाकडून मिळवा. नवे कार्यक्रम काढायची हौस आवरा. होणाऱ्या कार्यक्रमांतल्याच जागा मिळवा. प्रत्येक कार्यक्रमातून दोन-तीन पदं गटासाठी मागून घ्या: आर्थिक व्यवहार, वक्तेनिवड, तांत्रिक व्यवस्था, सुरक्षा, प्रायोजक मिळवणं. सूत्रसंचालन आणि स्वागत मागू नका, ते न मागताही मिळतं. त्या पदाचे अधिकार एका पानावर लिहून संबंधित प्राध्यापकांची सही घ्या. ‘अमुक रकमेपर्यंतचा खर्च समन्वयक स्वतः मंजूर करू शकेल’ असं वाक्य त्या कागदावर असलं की अर्धी लढाई झाली. रक्कम छोटी असली तरी हरकत नाही.

यात एक अडचण हमखास येते. काम पाहणारे प्राध्यापक चांगल्या मनाने मध्ये पडतात. मुलगी ध्वनिव्यवस्थेच्या कंत्राटदाराशी बोलत असते, तो आढेवेढे घेतो, सर येतात आणि दोन वाक्यांत प्रश्न मिटवतात. प्रश्न मिटतो आणि त्या मुलीचा अधिकारही मिटतो. तो कंत्राटदार पुढे तिच्याशी बोलत नाही, थेट सरांना फोन लावतो. म्हणून मार्गदर्शक प्राध्यापकांसाठी एक नियम लिहूनच ठेवा: बाहेरच्या माणसाने थेट तुम्हाला फोन केला तर ‘याचा निर्णय त्यांच्याकडे आहे’ एवढंच सांगून फोन ठेवायचा. धोका जीविताचा असेल तरच मध्ये पडायचं.

आता अदृश्य कामांबद्दल. लिंडा बॅबकॉक, मारिया रेकाल्डे, लिसे वेस्टरलुंड आणि लॉरी वाइनगार्ट या संशोधकांनी २०१७ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. कोणीतरी करायलाच हवं, पण करणाऱ्याचा फायदा नाही, असं काम गटापुढे ठेवलं की मिश्र गटात स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त वेळा पुढे येत. अशा कामाची विनंती झाल्यावर स्त्रिया ७६ टक्के वेळा हो म्हणाल्या, पुरुष ५१ टक्के. गंमत पुढे आहे. फक्त पुरुषांचा गट केला तर तेही तितकेच पुढे येत. म्हणजे हा स्वभावाचा भाग कमी आणि ‘ती करेलच’ या अपेक्षेचा जास्त. उपाय साधा आहे: इतिवृत्त, नोंदणी, आवराआवर ही कामं पाळीने द्या. ‘कोण करतंय?’ असं विचारूच नका, कारण त्या प्रश्नानंतरची शांतता बहुतेक वेळा एखादी मुलगीच मोडते.

वर्षाचा आराखडा

दर चार आठवड्यांनी एक लांब सत्र, मधल्या आठवड्यांत प्रत्यक्ष काम, आणि महिन्यातून एकदा पाच-सहा जणींच्या छोट्या गटाची तासाभराची बैठक. ही छोटी बैठक म्हणजे उपक्रमाचा जीव. तिथे प्रत्येकीने तीन गोष्टी सांगायच्या: काय केलं, कुठे अडलं, पुढच्या महिन्यात कोणाकडे काय मागणार. ‘मागणार’ हा शब्द मुद्दाम आहे. मागायची सवय व्याख्यानातून लागत नाही.

सत्रांचे विषय मी या क्रमाने घेते: अंदाजपत्रक वाचणं आणि मांडणं, बैठक चालवणं, वाटाघाट, संघर्ष हाताळणं, जाहीर बोलणं, निवडणूक, काम दुसऱ्याकडे सोपवणं. अंदाजपत्रक पहिलं, कारण पैशाची भाषा येत नसलेल्या माणसाला कोणत्याही समितीत गप्प बसवता येतं. विद्यापीठाचं किंवा विभागाचं खरंखुरं अंदाजपत्रक समोर ठेवा. कोणत्या शीर्षकाखाली किती तरतूद, किती खर्च झाली, उरलेली रक्कम वर्षअखेरीस कुठे जाते, एका शीर्षकातून दुसऱ्यात वळवायला कोणाची मंजुरी लागते. तीन तासांचं हे रुक्ष सत्र. वर्षाच्या शेवटी मुली याचंच नाव सर्वांत आधी घेतात.

बैठकीत बोलणं

भाषणकलेवर सगळेच भर देतात, मी बैठकीवर देते. भाषण करायची वेळ वर्षातून दोनदा येते, बैठक दर आठवड्याला असते.

खेळ असा घ्या. सहा जणींची समिती, एक खरा विषय, वीस मिनिटं. दोघींना गुपचूप चिठ्ठी द्या: एकीने सतत मध्ये बोलायचं, दुसरीने इतरांचे मुद्दे स्वतःचे म्हणून मांडायचे. बाकीच्यांनी तरीही ठराव मंजूर करून दाखवायचा. नंतर नेमकी वाक्यं तयार करा आणि मोठ्याने म्हणून पाहा. ‘माझं वाक्य पूर्ण करते, मग तुमचं ऐकते.’ ‘हा मुद्दा मघाशी तिने मांडला होता, तिलाच पुढे सांगू दे.’ ‘याची नोंद इतिवृत्तात व्हावी.’ तिसरं वाक्य दिसायला साधं, पण त्याने भल्याभल्यांचा सूर बदलतो. ठराव कसा मांडतात, अनुमोदन कसं घ्यायचं, दुरुस्ती कधी सुचवता येते, गणसंख्या म्हणजे काय, हे नियम तोंडपाठ असलेली मुलगी आवाज न चढवता बैठक फिरवू शकते.

बैठकीच्या नियमांचाही परिणाम होतो. ख्रिस्तोफर कार्पोविट्झ, टाली मेंडेलबर्ग आणि ली शेकर यांनी २०१२ मध्ये पाच-पाच जणांच्या ९४ गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गटात स्त्रिया थोड्या असताना निर्णय बहुमताने होणार असेल तर त्या आपल्या वाट्यापेक्षा बऱ्याच कमी बोलत. एकमताची अट असली की ही दरी आटोक्यात येत होती. म्हणून ज्या समितीत दोनच मुली आहेत तिथे मतदान पुकारण्याआधी प्रत्येकाला दोन मिनिटं देणारी फेरी घ्या. याला पैसा लागत नाही, फक्त अध्यक्षाची तयारी लागते.

मेंटॉर पुरत नाही, पाठीराखाही हवा

मेंटॉर सल्ला देतो. पाठीराखा तुमच्या गैरहजेरीत बंद दाराआड तुमचं नाव घेतो. हर्मिनिया इबारा, नॅन्सी कार्टर आणि क्रिस्टीन सिल्वा यांनी २०१० मध्ये कंपन्यांबद्दल लिहिताना हा फरक ठळकपणे मांडला: स्त्रियांना मार्गदर्शन भरपूर मिळत होतं, त्यांच्यासाठी शब्द टाकणारी वजनदार माणसं कमी होती. विद्यापीठात चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

तेव्हा दोन्ही भूमिका वेगळ्या ठेवा. मेंटॉर म्हणून दोन-तीन वर्षं पुढे असलेल्या विद्यार्थिनी आणि तरुण प्राध्यापिका चांगल्या. पाठीराखे म्हणून अधिष्ठाता, विभागप्रमुख, संचालक, माजी विद्यार्थी, ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशी माणसं. स्त्री असोत वा पुरुष. त्यांच्याकडे ‘मार्गदर्शन करा’ अशी मोघम मागणी केली तर वर्षातून एकदा चहा होतो. नेमकं मागा: या वर्षात एका समितीसाठी हिचं नाव सुचवा; एका बैठकीला हिला सोबत न्या आणि तिथे बोलायला लावा; एका परिषदेसाठी शिफारसपत्र द्या. तीन कामं, तारखेसह.

भेटींचे नियम पहिल्याच दिवशी लेखी द्या. भेट विद्यापीठाच्या आवारात, कामाच्या वेळेत, उघड्या जागी. संदेश अधिकृत माध्यमातून. कारण न देता मेंटॉर बदलून मागण्याची मुभा. तक्रार कोणाकडे करायची त्याची माहिती, आणि ती व्यक्ती उपक्रमाच्या संयोजनात नसावी. हे लिहून दिल्यावर काही ज्येष्ठांना अपमान वाटतो. वाटू द्या, नियम त्यांच्याही बचावाला येतात.

कार्यक्रम घ्यायचाच असेल तर

एक मोठा कार्यक्रम वर्षात हवाच, कारण त्याच्या तयारीत गटाची परीक्षा होते. ८ मार्च टाळता आला तर टाळा. संयुक्त राष्ट्रांनी १९७५ मध्ये हा दिवस पाळायला सुरुवात केल्यापासून तो इतका रुजला आहे की त्या आठवड्यात प्रत्येक संस्थेला त्याच वक्त्या हव्या असतात आणि प्रेक्षक शुभेच्छा ऐकायला येतात. शैक्षणिक सत्राच्या सुरुवातीला, समित्यांच्या नेमणुका होण्याआधीचे सहा आठवडे उत्तम. ऐकून घरी गेलेल्या मुलीला लगेच अर्ज करायला पद शिल्लक असतं.

तयारी बारा आठवड्यांची धरा. पहिल्या दोन आठवड्यांत हेतू एका वाक्यात लिहा. ‘जागृती निर्माण करणे’ हे वाक्य चालणार नाही. ‘कार्यक्रमानंतर महिन्याभरात तीस जणींनी समित्यांसाठी अर्ज करावेत’ हे चालेल. पुढच्या चार आठवड्यांत सभागृह, मंजुरी, वक्ते. त्यानंतर प्रसिद्धी. शेवटच्या आठवड्यात एक पूर्ण रंगीत तालीम, वीज गेल्याच्या प्रसंगासह.

वक्त्यांना विषय देताना ‘तुमचा प्रवास’ मागू नका. प्रवास ऐकून टाळ्या पडतात आणि मुली मनात म्हणतात, त्या वेगळ्याच, आपल्याला कुठे जमणार. त्याऐवजी एका निर्णयाची गोष्ट मागा: कोणते पर्याय होते, कोण विरोधात होतं, कोणती चूक झाली, पैसे कुठून आले. आणि स्त्री वक्त्यांना फक्त ‘स्त्रियांचे प्रश्न’ देऊ नका. ऊर्जा, कर, वास्तुरचना, क्रीडा व्यवस्थापन, ज्या विषयात त्यांचा अधिकार आहे त्यावर त्यांना बोलवा. प्रेक्षकांत मुलगे असतील याची काळजी घ्या, विशेषतः क्लबांचे विद्यमान अध्यक्ष.

प्रश्नोत्तरांत एक छोटी युक्ती आहे. १० देशांतल्या ३५ संस्थांमधल्या सुमारे २५० शैक्षणिक चर्चासत्रांचं निरीक्षण करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की उपस्थितांतल्या स्त्रिया पुरुषांपेक्षा खूपच कमी प्रश्न विचारतात, आणि पहिला प्रश्न पुरुषाचा असला की हे प्रमाण आणखी घटतं. एकामुळेच दुसरं घडतं, हे यातून सिद्ध होत नाही. पण सूत्रधाराने पहिला प्रश्न एखाद्या मुलीचा घ्यायला काय लागतं? व्याख्यान आणि प्रश्न यांमध्ये पाच मिनिटांची सुटी ठेवली तरी फरक पडतो. शेजारणीशी बोलून प्रश्न पक्का करायला तेवढी पुरतात.

सोयी विसरू नका: परतीच्या वाहनाआधी संपणारी वेळ, मुलं सांभाळायला एक खोली, रॅम्प, नीट दिसणारी शौचालयाची पाटी, माइक खालीवर होणारा. शेवटची गोष्ट किरकोळ वाटत असेल तर उंच माणसासाठी लावलेल्या माइकसमोर टाचा उंचावून बोलून पाहा.

कार्यक्रम संपताना दारात अर्जांचं टेबल असू द्या. रिकाम्या पदांची यादी, प्रत्येक पदाला आठवड्याला किती तास लागतात, सध्या ते पद सांभाळणारी व्यक्ती समोर उभी. टेबलावर भरलेला अर्ज हाच कार्यक्रमाचा निकाल.

निवडणुकीची तयारी

निवडणुकीचं सत्र भावनिक करू नका, हिशेबी करा. एकूण मतदार किती, मागच्या वेळी मतदान किती झालं, जिंकायला किती मतं लागली. उमेदवाराने वहीत नावं लिहायची: नक्की, कदाचित, नाही. ‘कदाचित’वाल्यांकडे जाऊन थेट मत मागायचं. ‘जमलं तर बघ’ असं म्हणायचं नाही. ‘मी सचिवपदासाठी उभी आहे, मला तुझं मत हवं आहे’ असं पूर्ण वाक्य म्हणायचं. जोड्या करून हे वाक्य वीस वेळा म्हणवून घ्या. पहिल्या पाच वेळा सगळ्या हसतात, मग कमी हसतात.

समाजमाध्यमांवर होणाऱ्या चिखलफेकीची तयारी आधीच हवी. खातं कोण पाहणार (उमेदवार स्वतः नको), पुरावे कसे जपायचे, कोणत्या मजकुराची तक्रार कुठे करायची, उत्तर द्यायचं की नाही हे कोण ठरवणार. आणि हरल्यानंतरचा आठवडा आताच आखून ठेवा. हरलेल्या उमेदवाराला पंधरा दिवसांत दुसरी जबाबदारी द्या, नाहीतर ती पुन्हा उभी राहत नाही आणि तिच्याकडे पाहून आणखी चार जणी बसतात. मी एका वर्षी याकडे दुर्लक्ष केलं. त्यातली एक फार चांगली होती.

अधिकृत आधार

चार उत्साही माणसांच्या जोरावर उपक्रम दोन वर्षं चालतो. पुढे चालवायचा तर कुलगुरू कार्यालयाचं लेखी परिपत्रक, अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षक आणि समन्वयकाच्या कार्यभारात त्याचे तास धरलेले असणं, ही तिन्ही मिळवा. शेवटचं नसेल तर हेही एक अदृश्य काम होतं आणि ते कोणाकडे जातं ते वर आलंच आहे. प्रस्ताव देताना स्वतःची मोजणी पहिल्या पानावर लावा. ब्रिटनमध्ये २००५ पासून चालणारी, उच्चशिक्षणातल्या स्त्री-पुरुष समानतेसाठीची अथेना स्वान सनद किंवा तिथलाच उच्चशिक्षणातल्या स्त्रियांसाठी २०१३ मध्ये सुरू झालेला ऑरोरा हा नेतृत्वविकास उपक्रम, अशी उदाहरणं जोडली की ‘असं कुठे असतं का?’ या प्रश्नाचं उत्तर तयार राहतं.

विद्यार्थिनींना श्रेयांक मिळतील अशी सोय झाली तर उत्तम. नोकरी करत शिकणाऱ्यांना त्याशिवाय वेळ काढणं जमत नाही.

मोजमाप

हजेरी आणि छायाचित्रं मोजू नका. सहा महिन्यांनी आणि वर्षाने हे पाहा: गटातल्या किती जणींनी पदासाठी अर्ज केला, किती निवडल्या गेल्या, किती जणींकडे खर्चाची मंजुरी आहे, बैठकीतल्या बोलण्याच्या मिनिटांत फरक पडला का. ज्यांनी अर्ज केला पण गटात जागा मिळाली नाही, त्यांनाही हेच प्रश्न विचारा. तुलना तिथेच कळते. त्यांच्यातल्याही तितक्याच जणी पुढे गेल्या असतील तर आपला उपक्रम काहीच करत नाही, हे कबूल करायची तयारी ठेवा.

घाई मात्र करू नका. लोरी बीमन, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेतिया टोपालोव्हा यांचा २०१२ चा अभ्यास पश्चिम बंगालमधल्या ४९५ गावांचा होता. सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव असलेल्या गावांत मुलगा आणि मुलगी यांच्या आकांक्षांमधली दरी कमी झालेली दिसली. किशोरवयीनांमध्ये ती ३२ टक्क्यांनी घटली. पण ती घट दोन निवडणुका राखीव राहिलेल्या गावांतली होती. पहिल्या वर्षीची अध्यक्ष सगळ्यांना अपवाद वाटते, दुसरी आली की तिच्याबद्दल चर्चा कमी होते. रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं होतं की गटात स्त्रिया अगदी मोजक्या असल्या की त्यांच्याकडे व्यक्ती म्हणून न पाहता साऱ्या स्त्रीजातीचा नमुना म्हणून पाहिलं जातं. त्यामुळे सात समित्यांत एकेक मुलगी पेरण्यापेक्षा दोन समित्यांत तिघी-तिघी बसवा.

हस्तांतर

विद्यापीठात पिढी तीन वर्षांची असते. जाणाऱ्या प्रत्येक समन्वयक मुलीने मुदत संपायच्या सहा आठवडे आधी उत्तराधिकारी निवडून सोबत घ्यावी आणि एक फाइल द्यावी. तीत हिशेब, अधिकारांचं सही झालेलं पान, कंत्राटदारांचे फोन, कोणत्या कार्यालयात कोणत्या वेळी गेलं की काम होतं, फसलेल्या गोष्टींची यादी, पाठीराख्यांनी कोणते शब्द दिले आणि त्यांतले किती पाळले, हे सगळं असावं. संकेतशब्द बदलून द्यावेत. आणि बँकेतली सही बदलण्याचा अर्ज निरोप समारंभाच्या आधीच भरावा. समारंभ झाला की सगळे पांगतात आणि पुढचे चार महिने नव्या समन्वयकाला प्रत्येक बिलासाठी कोणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं.